चौतीस दिवस

१२ जानेवारी, रविवार

सोळा दिवसांनी ऋताला घरी आणलं. ही वही हॉस्पिटलात ताप लिहायला घेतली होती. दर चार तासांनी एक आकडा. आता ताप नाही, पण पानं उरली आहेत आणि मला सवय लागली आहे. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात मी क्यूसीला, माल तपासायला आहे, दिवसभर बॅचचे आकडेच लिहितो.

मेंदूज्वर झाला होता. पोर सहा वर्षांची. वाचली हेच खूप, असं वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. चालताना झोक जातो, भिंत धरून चालते. कानाची तपासणी तेवढी करून घ्या, असं घरी सोडताना कागदावर लिहून दिलंय.

संध्याकाळी तिला टीव्ही लावून दिला. ती रिमोटने आवाज वाढवत राहिली, शंभरावर नेला. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. ऋता मला म्हणाली, "पप्पा, टीव्ही बिघडला. चित्र येतंय, आवाज नाही." केवढ्या मोठ्याने म्हणाली. किर्ती पोळ्या टाकून बाहेर आली, "काय गं बाळा?" म्हणाली. ऋता तिच्याकडे बघत राहिली.

"मम्मी, तू नुसतं तोंड का हलवतेस?"

१५ जानेवारी, बुधवार

तपासणी झाली. डोक्याला वायरी लावून, औषध देऊन झोपवून करतात. कागदावर आवाजागणिक रेघ वरखाली व्हायला हवी. हिची रेघ दोन्ही कानांना सरळ आली. ऑडिओलॉजिस्ट नीलिमा मॅडम तरुण आहेत. त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला. मग आम्हाला सर्जन मॅडमकडे नेलं.

सर्जन मॅडमनी चित्र काढून समजावलं. कानात आत शंखासारखा भाग असतो, त्यात पाणी असतं. मेंदूज्वराने तिथली ऐकण्याची यंत्रणा गेली. कॉक्लिअर इम्प्लांटची बारीक तार त्या शंखात सरकवायची, बाहेर मशीन लावायचं, मग ऐकू येऊ शकतं. पण मेंदूज्वरानंतर त्या शंखात हाड धरायला लागतं. एकदा धरलं की तार जायला जागा राहत नाही.

"किती दिवसांत धरतं?" किर्तीने विचारलं.

"कुणाला सहा महिने, कुणाला तीन आठवडे. मी वाट बघणार नाही. या आठवड्यात एमआरआय करा, पुढच्या आठवड्यात दोन्ही कानांचं ऑपरेशन. ऑपरेशनआधीची लस आजच देऊन टाकू."

मी फेल किती होतात ते विचारलं. त्या चिडल्या नाहीत, सगळं सांगितलं. मशीनचा आतला भाग काही वर्षांत बंद पडणं, शंभरात तीन-चार. मग पुन्हा ऑपरेशन. चेहऱ्याची नस दुखावणं, शंभरात एकापेक्षा कमी. जखमेत पू, चक्कर, जिभेची चव जाणं. आणि शेवटी म्हणाल्या, ज्या कानात तार घालू त्यात काही नैसर्गिक ऐकणं उरलं असेल तर तेही बहुतेक जातं.

कंपनीच्या विम्यात हे बसतं. एचआरने दुपारीच हो म्हटलं, म्हणजे तो प्रश्न नाही.

मी सही केली नाही. दोन दिवस द्या म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

लॅबमध्ये बबनरावांना सांगितलं. ते आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांच्या मेव्हणीच्या मुलाचं झालंय म्हणे हेच ऑपरेशन. दुसऱ्या वर्षी मशीन आतल्या आत बंद. "डोकं दोनदा उघडलं हो पोराचं. आता शाळेत खाणाखुणाच करतो. घाई करू नका. निसर्ग पण काहीतरी करतो की."

रात्री नेटवर वाचत बसलो. तक्ता केला: धोका, शंभरात किती, बरा होतो की कायमचा. अकरा ओळी झाल्या. एवढे धोके असलेला माल मी कधी पास केला नसता. चेहऱ्याच्या नसेचं वाचून झोप लागेना. तोंड वाकडं झालं तर पोरीचं पुढे कसं व्हायचं?

आणि ते शेवटचं वाक्य. उरलंसुरलं तेही जातं. म्हणजे काही उरलं असेल तर ते आपण आपल्या हाताने घालवणार.

१९ जानेवारी, रविवार

आज घरीच टेस्ट घेतली. ऋता हॉलमध्ये गॅलरीच्या दाराकडे पाठ करून चित्र रंगवत बसली होती. कोवळं ऊन छान आत आलं होतं. मी गॅलरीच्या दारात उभा राहून ताटावर उलथनं वाजवलं. दहा वेळा, मध्ये मध्ये वेळ सोडून.

चार वेळा तिने वळून बघितलं!

चाळीस टक्के. मशीनची रेघ सरळ आली तरी काहीतरी आत जातंय. पुन्हा घेतली, पुन्हा चार. किर्ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हटलं, "बघितलंस ना?" ती "हं" म्हणाली आणि आत गेली. तिला आनंद व्हायला हवा होता. थकली असेल. शाळेतून रजा घेऊन महिना होत आला, मुख्याध्यापिकांचे सारखे फोन येतात.

एमआरआयची तारीख पुढे ढकलायला सांगितली. फक्त आठ दिवस.

२२ जानेवारी, बुधवार

पाटी आणली. ऋता पहिलीत आहे, जोडून जोडून वाचते. किर्ती मोठ्या अक्षरात लिहिते, ती बोट ठेवून वाचते. 'भात हवा?' 'शी आली?' आमचं घर एवढ्या शब्दांवर आलंय.

आज संध्याकाळी ती गप्पच होती. मग पाटी स्वतः उचलून किर्तीला दिली आणि म्हणाली, "लिही, मी काय केलं."

किर्तीला कळेना. ऋता रडायला लागली. "सगळे माझ्याशी कट्टी आहेत. पप्पा पण. वरची काकू पण. मी काय केलं ते लिही ना. मी सॉरी म्हणते."

किर्तीने लिहिलं, 'काही नाही केलंस.' ते वाचून ती जास्तच रडली. काही केलं नाही तर बोलत का नाही, असं म्हणत होती. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आम्ही राहतो त्या मांजर्लीची नदी इथून दिसत नाही, फक्त झाडांची रांग दिसते. तीच बघत होतो.

२५ जानेवारी, शनिवार

उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनला. बबनरावांनी श्रवणयंत्राच्या दुकानाचा पत्ता दिला होता. दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ. रिपोर्ट चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून ठेवला.

"साईं, मेरा मशीन आवाज़ को बड़ा करता है. जहाँ कुछ पहुँचता ही नहीं, वहाँ बड़ा करके क्या होगा?"

मी म्हटलं, पहुँचता है, मैंने घर पे टेस्ट किया है. चार बार दस में. ते ऋताकडे बघत होते. ती काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत होती.

"डॉक्टर ने ऑपरेशन बोला है ना? तो इधर क्यों आए हो?"

मी खूप आग्रह केला. शेवटी पंधरा दिवसांच्या बोलीवर दोन जास्त ताकदीची यंत्रं दिली. पावती केली नाही. "वापस ला देना. पैसा नहीं लूँगा इसका."

किर्ती सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

३० जानेवारी, गुरुवार

ऋता यंत्रं घालते, कुरकुर करत नाही. आज मी तिच्यासमोर बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "ऐकू येतं?" बोट कानाकडे नेलं. ती माझ्या तोंडाकडे नीट बघत राहिली. मी हसलो तशी ती हसली आणि म्हणाली, "हो."

पुन्हा विचारलं. "हो, हो."

किती बरं वाटलं! लगेच किर्तीला बोलावलं. किर्तीने तिच्यासमोर बसून हसून विचारलं, "तू हत्ती आहेस?" ऋता म्हणाली, "हो."

किर्ती उठून गेली. मला वाटतं असे फसवे प्रश्न विचारून पोरीला गोंधळवू नये.

नीलिमा मॅडमचा फोन आला होता, एमआरआयचं काय झालं म्हणून. यंत्राची पंधरा दिवसांची ट्रायल पूर्ण करतो असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, हा वेळ आपल्याकडे नाहीये." मी म्हटलं, अर्ध्या ट्रायलवर निर्णय घेणं चुकीचं होईल. नीट बोललो, आवाज चढवला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्यात दुसरं मत घेतलं. तपासायला पाच मिनिटं लागली. त्या डॉक्टरांनी पहिल्या सर्जन मॅडमचंच म्हणणं पुन्हा सांगितलं. मी माझा तक्ता काढला, आता सतरा ओळींचा झाला आहे. त्यांनी तो वाचला. खरंच वाचला, ओळीवर पेन फिरवत.

"सगळं बरोबर आहे. पण यात एक ओळ नाही. काहीच न करता महिना घालवला तर काय, ती. आजार कधी झाला होता?"

"डिसेंबरच्या शेवटी."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, कॅलेंडरकडे बघितलं. मला ते आवडलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

सकाळी पुन्हा टेस्ट घेत होतो. पाच वेळा वळली. किर्ती आली, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि गॅलरीचा जाड पडदा सरकवला. हॉल काळोखा झाला. "आता वाजवा."

दहा वेळा वाजवलं. मग आणखी दहा वेळा. शेवटी जवळ जाऊन, तिच्या डोक्यामागे एक हातावर वाजवलं. ऋता हत्तीला जांभळा रंग देत होती. तिने मान वर केली नाही.

किर्तीने पडदा उघडला. "ऊन तुमच्या पाठीमागून येतं. तुमच्या हाताची सावली तिच्या कागदावर हलताना दिसते. तेव्हा वळते ती."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलो. ओरडून काही फरक पडत नव्हता, पोर तिथेच बसली होती.

"तुम्ही इतक्या दिवसांनी हसलात. आणि मला पण वाटत होतं, तुमचं खरं निघावं. मी पण त्या टेबलावर पोरीला ठेवायला घाबरत होते. तुम्ही थांबवताय म्हणून मला थांबवावं लागत नव्हतं."

ऋताने चित्र आणून दाखवलं. छान झालंय म्हणून आम्ही मान डोलावली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एमआरआय झाला. डाव्या कानाच्या शंखात पाणी दिसत नाही, हाड धरलंय. उजव्यात अर्ध्या भागात आहे.

सर्जन मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत मला. मी वाट बघत होतो की बोलतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त तारीख दिली, मंगळवार १८. उजवा कान. डाव्यात प्रयत्न करून बघतील, पण आशा धरू नका म्हणाल्या.

सही केली. या वेळी कागद वाचला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेसातला नेलं. तिला हिरवा गाऊन घातला होता, दोन्ही कानांमागचे केस काढले होते. पाटीवर काय लिहायचं ते आम्हाला सुचत नव्हतं. किर्तीने लिहिलं, 'झोप. उठलीस की आम्ही इथेच.' तिने वाचलं, 'आम्ही इथेच' दोनदा वाचलं. दारातून आत नेताना मागे वळून म्हणाली, "पाटी घेऊन थांबा."

पावणेसहा तास लागले. सर्जन मॅडम बाहेर आल्या तेव्हा मास्क गळ्यात होता आणि त्यावर घामाचा डाग होता.

"उजव्यात हाड कोरून जागा केली. तारेवरच्या बावीस इलेक्ट्रोडपैकी नऊ आत गेले. डाव्यात मी तास घालवला. नाही गेली तार."

नऊ. बावीसपैकी नऊ.

"महिन्यापूर्वी केलं असतं तर?" मी विचारलं. मला विचारायचंच होतं.

त्या गळ्यातला मास्क सोडवायला लागल्या. "ते कुणीच खात्रीने सांगू शकत नाही," म्हणाल्या. मला कळलं की त्या माझ्यावर दया करताहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घरी आणलं. चेहरा सरळ आहे. ओठ दोन्ही बाजूंनी सारखे हलतात. जखम कोरडी. चव आहे, गुळाची पोळी मागून खाल्ली. चक्कर नाही.

माझ्या तक्त्यातल्या सतरांपैकी एकही गोष्ट झाली नाही.

संध्याकाळी एकटा उल्हासनगरला जाऊन यंत्रं परत देऊन आलो. म्हाताऱ्यांनी विचारलं, हुआ ऑपरेशन? हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, चहा मागवला. तो संपेपर्यंत मला तिथे बसवत नव्हतं, पण बसलो.

१२ मार्च, बुधवार

आज मशीन चालू केलं. कानामागे एक भाग, डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती. नीलिमा मॅडमनी कॉम्प्युटरवरून हळूहळू आवाज सोडला. मोबाइलवर असे व्हिडिओ खूप बघितले होते, मुलं दचकतात, मग हसतात, आया रडतात.

ऋता दचकली आणि किंचाळली. चकती ओढून काढली. "टोचतंय! आत टोचतंय!"

तासभर समजावलं. पुन्हा लावलं. किर्ती तिच्या समोर बसून म्हणाली, "ऋता." ऋता तिच्या ओठांकडे बघत होती.

"काय येतं?" नीलिमा मॅडमनी हातवारे करून विचारलं.

"टक टक. डब्यात खडे."

मी बोललो, "ऋता, मी पप्पा."

"तेच. तसेच खडे."

आईचा आणि माझा आवाज तिला सारखाच वाटतो. सहा वर्षं ज्या आवाजांनी झोपत होती ते.

२९ मार्च, शनिवार

लिहायचं राहून जातं. आठवड्यातून दोनदा थेरपी. मशीन रोज दहा तास लावून ठेवायचं. आवाज झाला हे आता तिला कळतं. दारावर कुणी ठोकलं तर बघते, पडदा लावून टेस्ट केली, दहापैकी नऊ. पण शब्द कळत नाहीत. तोंड दिसत असेल तर निम्मं कळतं, तोंड झाकलं की काहीच नाही. नीलिमा मॅडम म्हणतात, नऊ इलेक्ट्रोडवर हे वाईट नाही, अजून वाढेल. किती वाढेल ते विचारत नाही.

तिचं बोलणं मात्र घसरतंय. 'शाळा'ची 'आळा' झाली. 'सशा'चा 'अआ'. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून अक्षरं झिजतात. किर्ती तिच्यासमोर मेणबत्ती धरून 'स' काढायला शिकवते, ज्योत हलली पाहिजे. शाळेत जाऊन दिवसभर पन्नास पोरांना शिकवते आणि घरी आल्यावर एका अक्षराला बसते. मी शेजारी बसतो. माझा काही उपयोग नाही, पण उठत नाही.

बबनरावांनी विचारलं, कसं काय. मी म्हटलं, ठीक. त्यांच्या मेव्हणीच्या पोराला किती इलेक्ट्रोड घातले होते ते विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. पोराला प्रत्यक्ष बघितलेलं पण नव्हतं, मेव्हणीच्या सासरचं कुणीतरी बोललं होतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. निळ्या साड्या, पांढरे शर्ट, सगळे सहकुटुंब मिरवणुकीला. ऋताला निळा फ्रॉक घातला. गर्दीत मशीन नको म्हणून मी आधीच सांगत होतो, धूळ, घाम, कुणाचा धक्का. पण सराव बुडेल म्हणून लावूनच नेलं.

डीजे जवळ आल्यावर तिने कान धरला. मग चकती काढली, मशीन उतरवलं, किर्तीच्या हातात दिलं आणि माझा हात सोडून सरळ स्पीकरच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही तळहात पोटावर ठेवले. मी ओढायला गेलो तर हात झटकला. ठेका पडेल तसं तिचं पोट हलत होतं, फ्रॉक हलत होता. मग नाचायला लागली. बरोबर ठेक्यावर.

घरी आल्यावर मी म्हटलं, आजचे दोन तास वाया गेले, दहा तास व्हायला हवेत.

किर्ती म्हणाली, "डिसेंबरनंतर पहिल्यांदा मनापासून हसली ती. ते लिहा वहीत."

लिहिलं.

२७ एप्रिल, रविवार

नीलिमा मॅडमनी विचारलं होतं, एका वडिलांना माझा नंबर देऊ का. पालेगावचा माणूस, हिरामण. चार वर्षांची मुलगी जाई, मेंदूज्वर होऊन तीन आठवडे झाले. रेघ सरळ. एमआरआय सांगितलाय, करत नाहीये. "आमचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

आज त्याचा फोन आला.

"दादा, तुमच्या पोरीचं झालंय ना ते? मला खरं सांगा, फेल किती होतात?"

आणि मी सांगायला लागलो. शंभरात तीन-चार, अमुक वर्षांत. नसेचं शंभरात एकाच्या आत. सगळे आकडे मला पाठ आहेत, आपोआप येत गेले. मध्येच लक्षात आलं की पलीकडे शांत आहे.

"म्हणजे होतात फेल," तो म्हणाला.

"होतात, पण तुम्ही थांबू नका. ऐका माझं..."

"नाही दादा, बरं झालं तुम्ही खरं सांगितलंत. दुसरे सगळे गोड बोलतात. मामांना पण विचारतो एकदा."

फोन ठेवला त्याने. परत लावला तर उचलला नाही. किर्ती समोरच होती.

"तुम्ही त्याला आकडे का सांगितलेत?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

त्याने विचारले म्हणून सांगितले. मी पण विचारले होते म्हणून मला सांगितले होते.

१ मे, गुरुवार

कारखाना बंद. नीलिमा मॅडमकडून पत्ता घेऊन तिघं बाइकवर पालेगावला गेलो. हिरामणचं जुनं कौलारू घर आहे, तिन्ही बाजूंनी नवीन टॉवर उभे राहताहेत. दारात त्याचा टेम्पो. न सांगता आलो म्हणून तो गडबडला, पण खुर्च्या मांडल्या. बायकोचं नाव पायल, तिने सरबत आणलं. जाई ओट्यावर बाटल्यांची झाकणं रचत होती. ऋता तिच्याजवळ जाऊन बसली.

हिरामण म्हणाला, "मामा बोलले, पोरगी लहान हाय, थोडी मोठी होऊ दे. कायतरी ऐकते पन ती. भांडं पडलं का बघते."

मी सरबताचा ग्लास खाली ठेवला.

तेवढ्यात ऋता वळून मोठ्याने म्हणाली, "पप्पा, इयं नाव काय?" तिच्या त्या नव्या आवाजात, नाकातून येणाऱ्या. हिरामणने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मला दिसलं त्याच्या मनात काय आलं. ऑपरेशन करून पण असंच बोलणार माझी पोर?

नुसतं पोरीला आणून मी त्याला आणखी घाबरवलं होतं.

मग मी बोललो. एकही आकडा पाठ केल्यासारखा नाही सांगितला. म्हटलं, "ही अशी बोलते ते ऑपरेशनमुळे नाही. हिची तार अर्धी पण आत गेली नाही. एक कान तर बंदच झाला. डॉक्टरांनी मला पंधरा जानेवारीला सांगितलं होतं. मी अठरा फेब्रुवारीपर्यंत नेलं. चौतीस दिवस. विम्याने नाही थांबवलं, डॉक्टरांनी नाही. मी थांबवलं. मला वाटत होतं मी विचार करतोय. मी घाबरलो होतो."

हे मी कुणासमोर बोललो नव्हतो. वहीत पण नाही. किर्ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ती म्हणाली, "आम्ही. आम्ही दोघांनी थांबवलं."

हिरामणने सरबताचे ग्लास गोळा केले. मग म्हणाला, "बघतो दादा. मामा संध्याकाळी येतील."

पुढे काही बोलण्यासारखं नव्हतं. मी हात जोडावेत असं वाटलं, जोडले पण. तो उठून उभा राहिला, "असं नका करू" म्हणाला, पण हो म्हणाला नाही.

बाइक वळवत होतो तेव्हा पायल धावत आली. कडेवर जाई, हातात फाइल. "भाऊ, एमआरआयचं कुठं जायचं ते लिहून द्या. कुठला मजला, कुणाला भेटायचं, सगळं." मी फाइलवर लिहिलं. किर्तीने तिचा नंबर खाली लिहिला, म्हणाली, "उद्या सकाळी सातला मी स्टेशनला असते. शाळेत सांगते."

"यांना येयाचं तर येतील," पायल म्हणाली. हिरामण ओट्यावरून बघत होता. त्याने अडवलं नाही. उठूनही आला नाही.

ती उद्या येईल की संध्याकाळी मामा आल्यावर फाइल पुन्हा कपाटात जाईल, मला माहीत नाही. आणि आली तरी जाईच्या कानात किती जागा उरली आहे, तेही माहीत नाही.

येताना ऋता आमच्या मध्ये बसली होती. नाक्याच्या पुढे ती काहीतरी बोलायला लागली. हेल्मेटमध्ये मला कळेना. गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, मागे वळलो आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"पुन्हा सांग."

"ती छोटी माझ्याशी बोलली."

"काय बोलली?"

ऋताने खांदे उडवले. "मला नाही कळलं. पण खूप बोलली."